जबानी आणि उलटतपासणी : सोलापूर परिसर व मराठी रहस्यकथेतील वकील

मराठी रहस्यकथेत पोलीस अधिकारी जवळजवळ प्रत्येक पुस्तकात येतो, परंतु पुस्तकाचा नायक तो क्वचितच असतो. गुन्ह्याचा छडा खाजगी गुप्तहेर लावतो, लष्करातला कॅप्टन लावतो, कायद्याच्या कक्षेबाहेर राहून दुबळ्यांचा कैवार घेणारा साहसवीर लावतो किंवा काळा डगला चढवलेला वकील लावतो. गणवेशातला इन्स्पेक्टर बहुधा भलत्याच माणसाला बेड्या ठोकतो आणि शेवटच्या प्रकरणात नायकाचे आभार मानून मोकळा होतो. या मांडणीचे मूळ इंग्रजी पुस्तकांत आहे असे सांगण्याची प्रथा आहे, आणि कथानकांचे आराखडे लेखकांनी तिकडून उचलले हे खरेही आहे. परंतु उसनी आणलेली मांडणी वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली का मानली, याचा उलगडा त्याने होत नाही. तो करायचा तर लेखकांच्या पुण्या-मुंबईपेक्षा वाचकांच्या गावांकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते, आणि अशा गावांत सोलापूरचा विचार आधी करावा लागतो, कारण या परिसराने गुन्हा, पोलीस आणि न्यायालय यांचा अनुभव छापील रहस्यकथेच्या कितीतरी आधी आणि फार जवळून घेतलेला होता.

भारतातील गुन्हेगारीवर लिहिलेली आणि इंग्लंडमध्ये अतोनात खपलेली पहिली कादंबरी ज्या अधिकाऱ्याने लिहिली, त्याच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे सोलापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरच्या टापूत गेली. फिलिप मेडोज टेलर १८२४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मुंबईत उतरला. ज्या व्यापाऱ्याच्या भरवशावर तो आला होता त्याच्याकडे काही निभाव लागला नाही, आणि अखेर तो निजामाच्या फौजेत दाखल झाला. विशी ओलांडण्याच्या आतच निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य जिल्ह्यात पोलीस खात्याच्या साहाय्यक अधीक्षकाची जागा त्याला मिळाली. वाटेवर सापडणाऱ्या बेवारस प्रेतांचा शोध त्याने त्याच काळात सुरू केला होता, परंतु तो पुरा होण्याआधीच त्याला पुन्हा लष्करात बोलावण्यात आले, आणि वाटसरूंना ठार मारून लुटणाऱ्या ठगांच्या टोळ्या उजेडात आणण्याचा मान विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याकडे गेला; ही चुटपुट टेलरने आत्मचरित्रात लपवलेली नाही. पुढे माफीच्या साक्षीदारांच्या, म्हणजे स्वतःची शिक्षा टाळण्यासाठी साथीदारांविरुद्ध साक्ष देण्यास तयार झालेल्या आरोपींच्या, जबान्या उतरवून घेण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. त्या कागदांतून १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली. तिची छपाई चालू असतानाच व्हिक्टोरिया राणीने मुद्रिते मागवून वाचल्याचे टेलर सांगतो.

त्यानंतर बारा वर्षे सुरपूर संस्थानाचा कारभार पाहिल्यावर, १८५३ च्या तहाने निजामाने तोडून दिलेल्या मुलखापैकी नळदुर्ग जिल्हा टेलरकडे सोपवण्यात आला. बोरी नदीच्या काठच्या त्या किल्ल्यात राहून त्याने महसूल, रस्ते आणि फौजदारी न्याय अशी तिन्ही कामे एकट्याने पाहिली. तुळजापूरच्या मुक्कामांतून त्याला १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या ऐतिहासिक कादंबरीचे सूत्र मिळाले. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते ठगाच्या कादंबरीच्या घडणीला. अमीर अली हा शेकडो खून केलेला ठग एका इंग्रज साहेबासमोर बसून आपली हकीकत सांगतो आणि साहेब ती लिहून घेतो. त्याला अडवून प्रश्न विचारणारा कोणी नाही, मेलेल्यांच्या बाजूने बोलणारा कोणी नाही, आणि अमीर अलीने ज्यांची नावे घेतली त्यांच्या वतीने ‘हे खोटे आहे’ असे म्हणणारा वकीलही नाही. आरोपीने सांगायचे, अंमलदाराने टिपायचे आणि टिपले ते खरे मानायचे, हा या कथेचा साचा आहे. तो टेलरच्या कल्पनेतला नसून स्लीमनच्या ठग-निर्मूलन मोहिमेचाच साचा होता, कारण १८३६ च्या कायद्यान्वये ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मभराच्या कैदेसाठी पुरेसा ठरत होता आणि माणूस टोळीत होता की नाही हे प्रामुख्याने माफीच्या साक्षीदाराच्या तोंडून ठरत होते. रहस्यकथा म्हणून ही कादंबरी आजही खिळवून ठेवते, परंतु तिची सारी ताकद एका बाजूच्याच बोलण्यावर उभी आहे, ही गोष्ट तिच्या चाहत्यांनी पुरेशी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

जबानीवरचा हा विश्वास कंपनी सरकारच्या अखेरच्या वर्षांत ढासळला. मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलीस खात्यांकडून होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८५५ मध्ये दिलेल्या अहवालामुळे, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब बहुतेकदा कसा मिळवलेला असतो हे राज्यकर्त्यांना उघडपणे मान्य करावे लागले. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि पुढे जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने रचलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात त्याचे फलित आले. या कायद्याच्या पंचविसाव्या कलमानुसार पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नसे. सत्ताविसाव्या कलमाने मात्र एक फट ठेवली. कोठडीतल्या आरोपीच्या निवेदनावरून एखादी वस्तू खरोखर हाती लागली, तर त्या निवेदनाचा त्या शोधापुरता भाग पुराव्यात येई. त्यामुळे तपासाचा भर कबुलीवरून ‘जप्ती’वर गेला, आणि जप्ती करताना परिसरातील दोन प्रतिष्ठित व स्वतंत्र माणसे पंच म्हणून हजर ठेवून त्यांच्यादेखत काय मिळाले याचा जो कागद करायचा, त्या पंचनाम्याला खटल्यात कळीचे स्थान मिळाले. कलमे कोरडी आहेत, परंतु वकील-नायकाच्या रहस्यकथेचे सगळे यंत्र यांच्यावरच चालते. कबुली मिळाली असूनही खटला संपत नाही, रक्ताने माखलेला सुरा मिळाला असूनही तो तिथे कोणी ठेवला हा प्रश्न उरतो, आणि पोलिसांच्या नेहमीच्या बैठकीतला पंच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उलटतपासणीला टिकत नाही. आपल्याच पोलिसांवर अविश्वास दाखवणारा कायदा केला, तेव्हा वकिलाला कथेचा नायक होण्याची जागा राज्यकर्त्यांनी स्वतःच करून दिली.

सोलापुरातील सामान्य माणसाला मात्र या कलमांची ओळख पुस्तकातून झाली नाही. रेल्वे १८६० मध्ये येथे पोचली, १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, म्हणजे पुढे ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली गेलेली गिरणी सुरू झाली, आणि मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणाऱ्या कामगारांचे शहर वाढू लागले. याच गिरण्यांच्या आसऱ्याने, १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली, मुंबई इलाख्यातील एक मोठी बंदिस्त वसाहत सोलापुरात उभी राहिली. कैकाडी, टकारी, मांग गारुडी, पारधी अशा समाजांतील माणसांना, प्रत्येकाविरुद्ध गुन्हा शाबीत होण्याची वाट न पाहता, केवळ जन्मावरून तेथे तारेच्या कुंपणात ठेवले जाई. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, बाहेर जायचे तर पास काढावा लागे, आणि कामाला गिरणीत पाठवले जाई. टोळीत असणे हाच गुन्हा मानणारा ठगांविरुद्धचा कायदा आणि जातीत जन्मणे हाच गुन्हा मानणारा हा कायदा यांतील नाते स्पष्ट आहे. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो रद्द झाला, तरी त्या वस्तीला सोलापूरकर आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. संशयिताच्या बाजूने ही कहाणी मराठीत यायला मात्र लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’पर्यंत, म्हणजे १९८७ पर्यंत, थांबावे लागले. आत्मकथनाच्या दालनात ठेवले जाणारे हे पुस्तक पोलीस कोठडीची जी माहिती देते, ती कोणत्याही रहस्यकथेत सापडणार नाही, आणि म्हणून टेलरच्या कादंबरीला मिळालेले उशिराचे उत्तर म्हणूनही ते वाचता येते.

दुसरा अनुभव १९३० चा. गांधीजींच्या अटकेची बातमी आल्यावर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर जमाव चालून गेला, पोलीस मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीला आग लागली, आणि काही दिवस शहरात सरकारचा अंमल नावालाही उरला नाही. १२ मे पासून लष्करी कायदा लागू झाला. ‘कर्मयोगी’चे संपादक रामचंद्र राजवाडे यांना तुरुंगात जावे लागले, आणि चौकीतील पोलिसांच्या मृत्यूच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सरकारी कागदांत खुनी ठरलेले हे चौघे शहराच्या लेखी हुतात्मे झाले, आणि त्यांचे पुतळे शहराच्या चौकात उभे राहिले. न्यायालयाचा निकाल आणि शहराचा निकाल परस्परविरुद्ध असू शकतात, हे ज्या गावाने एका पिढीत पाहिले, त्या गावातल्या वाचकाला ‘पोलिसांनी पकडलेला माणूस निर्दोष आहे’ ही रहस्यकथेची पहिली अट पटवून द्यावी लागत नव्हती.

मराठी रहस्यकथा या सुमारास आकार घेत होती. तिच्या आधीची पायरी गो. ना. दातारशास्त्री यांच्या कादंबऱ्यांची. ‘बंधुद्वेष’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारख्या पुस्तकांत त्यांनी जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सच्या अद्भुतरम्य कथानकांना देशी वेष चढवला, पण त्यांत उत्कंठा असली तरी तपासाची शिस्त नव्हती. ती शिस्त लोकप्रिय केली बाबूराव अर्नाळकरांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर होत्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रे घराघरांत पोचली. यांपैकी एकही नायक पोलिसांच्या नोकरीत नाही, आणि काळा पहाडसारखा नायक तर पोलिसांना हवा असलेला माणूस आहे. अर्नाळकरांची भाषा स्वच्छ, वाक्ये तोकडी आणि पुस्तके एका बैठकीत संपणारी होती. नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसालाही ती जड जात नसत. समीक्षकांनी त्यांची उपेक्षा केली, परंतु मराठी वाचनाचा पाया रुंद करण्याचे जे काम त्यांनी एकट्याने केले, ते अनेक मान्यवर संस्थांना मिळून जमले नाही, असे म्हणण्यात अतिशयोक्ती होणार नाही.

गिरणीच्या शहरात अशा पुस्तकांची चाल वेगळी असते. पाळ्यांनी बांधलेल्या आयुष्यात वाचनाला मिळणारा वेळ तुकड्यातुकड्यांचा होता, आणि पुस्तक विकत घेणे बहुतेकांना परवडणारे नव्हते. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थेच्या कपाटांत चरित्रे, इतिहास आणि सामाजिक कादंबऱ्या यांना मान होता. रहस्यकथेचा खरा संसार अशा शहरांतून रोजच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या छोट्या दुकानांत, रद्दीच्या गाड्यांवर आणि रेल्वे फलाटावरील व्हीलर या पुस्तकविक्रेत्याच्या कपाटात चालला. भाड्याच्या दुकानातले पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करायचे असे, नाहीतर जादा पैसे पडत. वाचायला घेतलेले पुस्तक रात्रीतून संपवण्याची सक्ती केवळ कथानकाच्या वेगामुळे नव्हती, तिला ही व्यवहाराची बाजूही होती. एकच प्रत अनेक हातांतून जात असल्यामुळे शेवटची पाने फाटलेली असणे ही नेहमीची बाब होती, आणि खुनी कोण हे शेजाऱ्याला विचारून घेण्याची पाळी वाचकावर येई. सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान देणारा महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्याने ग्रंथालये वाढली, तरी रहस्यकथेला प्रतिष्ठेचे कपाट त्यामुळेही मिळाले नाही.

सत्तरच्या दशकात दोन लेखकांनी नायकाचे रूप बदलले. गुरुनाथ नाईक यांनी कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले यांसारखे लष्करी नायक उभे केले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर फौजेविषयी दाटलेला आदर पोलिसांच्या वाट्याला कधीच आला नव्हता, आणि गणवेशाचा नायक हवा असेल तर तो फौजेतूनच येणार हे नाईकांनी बरोबर ओळखले. सुहास शिरवळकरांनी फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद यांच्याबरोबर बॅरिस्टर अमर विश्वास हा वकील-नायक मराठीला दिला. त्याच्यामागे अर्ल स्टॅन्ली गार्डनरच्या पेरी मेसनची सावली आहे. व्यवसायाने वकील असलेल्या गार्डनरने १९३३ पासून मेसनच्या ऐंशीहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, आणि अशील निर्दोष आहे हे खऱ्या खुन्याला भर न्यायालयात उघडे पाडून सिद्ध करायचे, ही त्यांची ठरलेली मांडणी होती. भारतात वकिलाचे काम संशयाचा फायदा मिळवण्यापुरते असते, खुनी शोधून देण्याचे नसते. म्हणून अमर विश्वासचे खटले वकिलांना हास्यास्पद वाटले तर नवल नाही. तथापि पोलिसांनी रचलेली साखळी कडीकडीने तोडण्याचा जो आनंद ही पुस्तके देतात, तो पुरावा कायद्याच्या आधारानेच मिळतो. नायकाची पदवीही विचार करण्याजोगी आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिलांचे निरनिराळे वर्ग मोडून सर्वांना एकच दर्जा दिला, त्यामुळे विलायतेतून बॅरिस्टर होऊन येण्याचा व्यावहारिक लाभ जवळपास संपला होता. व्यवहारात मावळलेली ही पदवी लोकांच्या मनात मात्र गांधी, जिना, आंबेडकर यांच्यामुळे पूर्ण तेजात होती, आणि लोकप्रिय साहित्य नेहमी मनातल्या किमतीवर चालते.

सोलापूरचा वाचक एका भाषेत अडकलेला नव्हता, म्हणून शेजारच्या भाषांकडेही पाहणे आवश्यक आहे. तेलुगूत कोम्मूरि सांबशिवराव यांचा डिटेक्टिव्ह युगंधर होता, उर्दूत १९५२ पासून इब्ने सफीची ‘जासूसी दुनिया’ होती, आणि पुढे हिंदीत वेदप्रकाश शर्मांचा केशव पंडित आला, ज्याची ओळखच ‘कानून का बेटा’ अशी होती. युगंधर पोलिसांबाहेरचा, केशव पंडित कायद्याच्या पोथीतूनच कायद्याला हरवणारा. इब्ने सफीचे कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद सरकारी सेवेत आहेत, पण ठाण्यातल्या पोलिसापेक्षा त्यांचे जग निराळे आहे. शर्मांच्याच ‘वर्दी वाला गुंडा’ या १९९० च्या दशकाच्या आरंभीच्या कादंबरीने तर गणवेशालाच आरोपीच्या जागी उभे केले, आणि तिचा खप हिंदी बाजारात दंतकथेचा विषय झाला. भाषा बदलली तरी पोलिसाला दिलेली जागा फारशी बदलत नाही; यावरून हा कल एखाद्या लेखकाचा नसून वाचकवर्गाचा होता, असा निष्कर्ष काढता येतो.

नोकरी सोडलेला किंवा निवृत्त झालेला पोलीस हा ठाण्यातला पोलीस आणि पोलिसांबाहेरचा नायक या दोहोंमधला दुवा आहे. त्याला ठाण्याच्या आतल्या वाटा माहीत असतात आणि वरिष्ठांचा हुकूम मात्र त्याच्यावर चालत नाही. अगाथा ख्रिस्तीने १९२० मध्येच बेल्जियमच्या पोलिसांतून निवृत्त झालेला पायरो उभा केला होता, आणि अलीकडच्या अमेरिकी कादंबऱ्यांत मायकेल कॉनलीने वकील मिकी हॅलर आणि पोलीस हॅरी बॉश यांना सावत्र भाऊ करून हे दोन स्वभाव एकाच घरात आणले. मराठीत हा नायक ठळकपणे उभा राहिला नाही, हे आश्चर्याचे आहे, कारण सोलापूरच्याच एका चरित्रात त्याची सगळी सामग्री होती. सुशीलकुमार शिंदे यांनी सोलापूरच्या न्यायालयात बेलीफ, म्हणजे समन्स आणि हुकूम बजावणारा कर्मचारी, म्हणून उमेदवारी केली, कायद्याची पदवी घेतली, पोलीस उपनिरीक्षक होऊन गुन्हे अन्वेषण विभागात काम केले, १९७१ मध्ये ती नोकरी सोडली, १९७४ मध्ये करमाळ्यातून विधानसभेत गेले आणि २०१२ ते २०१४ या काळात देशाच्या गृहमंत्रिपदावर होते. राजकीय चरित्रकारांना यात कर्तृत्वाची चढण दिसते. रहस्यकथेच्या लेखकाला पहिल्या तीन पायऱ्याच पुरेशा झाल्या असत्या. मुंबईत वाय. पी. सिंग या भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याने खात्यातील भ्रष्टाचारावर २००३ मध्ये ‘कार्नेज बाय एंजल्स’ ही कादंबरी लिहिली, पुढे नोकरी सोडून उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. हे उदाहरण तर विषयाशी तंतोतंत जुळते, पण पुस्तक इंग्रजीत आले. मराठीत निवृत्त पोलिसांचे लेखन प्रामुख्याने आठवणींच्या रूपाने आले, आणि आठवणींत तपास अधिकारी सहसा चुकत नाही.

प्रामाणिक पोलीस मराठी माणसाच्या घरात नायक म्हणून आला तो छापील पुस्तकातून नव्हे, दूरदर्शनवरून. मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ या मालिकेत बी. पी. सिंग यांनी शिवाजी साटम यांना तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेत आणले, आणि याच जोडीने १९९८ मध्ये हिंदीत ‘सीआयडी’ सुरू केली. त्या मालिकेतल्या गुन्हेगाराची कबुली इतकी हमखास असे की न्यायालयाचा प्रसंग दाखवण्याची गरजच पडत नसे. पंचविसावे कलम ज्या कबुलीला पुरावा मानत नसे, तिच्यावरच भागाचा शेवट होई. आणि अमीर अलीच्या हकिकतीसारखीच इथेही तिला छेद देणाऱ्या वकिलाची जागा रिकामी असे. भाड्याने पुस्तके देणारी दुकाने याच वर्षांत बंद पडत गेली, सोलापूरच्या मोठ्या गिरण्याही थंडावल्या, आणि पाळी संपवून रात्रभर पुस्तक वाचणारा वाचकही उरला नाही.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पंचविसावे, सव्विसावे आणि सत्ताविसावे ही तिन्ही कलमे आता तेविसाव्या कलमात एकत्र आली आहेत; पोलिसांसमोरच्या कबुलीवरचा अविश्वास तसाच आहे आणि शोधाची फटही तशीच आहे. बदल झाला तो पंचनाम्याच्या बाबतीत, कारण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या एकशे पाचव्या कलमाने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केले आहे. खोटा पंच उलटतपासणीत उघडा पाडणे हा अमर विश्वासच्या काळातला हुकमी डाव होता. यापुढे मराठीत वकिलाची रहस्यकथा लिहिणाऱ्याला पंचाच्या तोंडाऐवजी चित्रफितीतल्या मधल्या तुटलेल्या मिनिटांची उलटतपासणी घ्यावी लागेल.